त्या दुपारी चित्र आधी आलं

आमच्या गावात चिंचेखालून जाताना मोठी माणसंही भुताच्या भीतीनं खाकरत जायची. मी मात्र मुद्दाम तिथेच बसून डबा खायचो. असल्या गोष्टींवर माझा विश्वास कधीच नव्हता. इंजिनिअर झालो – घरातला पहिला पदवीधर – त्यानंतर तर नाहीच. म्हणून हे लिहिताना संकोच वाटतोय...

जुन्या जालन्यात एका धान्याच्या दुकानावरच्या खोलीत बसून मी मशीन चालवतो. मशीन असते बदनापूरजवळ, सोयाबीनच्या सायलोत, म्हणजे पत्र्याच्या उंच टाकीत. ओल लागून दाण्यांचा थर घट्ट बसतो, तो ती फोडते. पूर्वी हे काम माणसं आत उतरून करायची. थर पायाखाली फुटला की माणूस दाण्यांत बुडतो. माझे वडील, आबा, तिथेच हमाल आहेत, तेही उतरायचे. मशीन आली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता.

अडचण एकच – सायलोच्या छतावरच्या कॅमेऱ्यातून स्क्रीनवर मला दिसतं ते तीन सेकंद जुनं असतं. फोनवरचा आवाज लगेच येतो, चित्र मागून. म्हणून थोडं हलवायचं, थांबायचं, चित्र येऊ द्यायचं, मग पुढे.

त्या दुपारी मी असाच थांबलो होतो. सायलोच्या वरच्या झाकणाशी आबा आणि सुपरवायझर रशीदभाई उभे होते. रशीदभाईंचा फोन चालू होता. त्यातून आबांचा आवाज आला, "पोराची मशीन अडकून राह्यली. मालकाम्होरं शोभा व्हईल त्याची. मी देतो हलवून."

"अडकली न्हाई आबा, त्याची पद्धतच तशी हाय," रशीदभाई म्हणाले. "या वयात सर्कस करता का?"

मी "आबा, नका उतरू" म्हणेपर्यंत स्क्रीनवर दिसलं – आबा छातीपर्यंत दाण्यांत गेलेले, एक हात वर, धरायला काही नाही. मशीन लांब. ती त्यांच्याकडे न्यायला मी लीव्हर मागे ओढला.

आणि फोनवर रशीदभाई ओरडले, "अरे बेटा, मशीन मागं काहून घेतली? आबा अजून शिडीवर हायेत!"

तेवढ्यात फोनमधून थर फुटल्याचा आवाज आला, मागोमाग रशीदभाईंचा. "खालचा दाणे ओढणारा पट्टा बंद करा! दोर आणा, जल्दी!"

मग स्क्रीनवर तेच चित्र पुन्हा आलं. तेच आबा, तोच हात... फक्त आता त्या हातात मशीनची मागची दांडी होती. दोर येईपर्यंत ते तिलाच धरून राहिले.

नंतर नेटवर्क तपासलं. उशीर तेवढाच होता. ऑफिसातले सर म्हणाले, घाबरल्यामुळे तुझ्या डोक्यात क्रम उलटा झाला असेल. मानलंही असतं. पण आबा शिडीवर असताना मशीन मागे आली, हे रशीदभाईंनी डोळ्यांनी पाहिलंय. उशिरा येणारं चित्र मला समजतं. अजून न घडलेलं कुठून आलं? विचार केला की आजही हात आपोआप जोडले जातात... कोणाला, ते माहीत नाही.

आबा दवाखान्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते, "पोरानं हात धरला."

मी म्हणालो, "आबा, मी जालन्यात होतो. तुम्ही धरली ती लोखंडी दांडी होती."

त्यांनी स्वतःचं मनगट चाचपून पाहिलं.

"मी दांडी धरली, बराबर हाय," ते म्हणाले. "पण मंग मला कुणी धरलं?"