धनेशासाठी गाऱ्हाणं

आंबोलीच्या राखीव जंगलात मी तोंड उघडू नये, असं मला कुणी लेखी दिलेलं नाही. पण तिथले वाटाडे माझा फोटो एकमेकांना पाठवतात, असं ऐकून आहे.

सुरुवात माझ्याच जिभेने केली. लेकीचं लग्न ठरलं आणि होणारे व्याही, पुण्याचे नानासाहेब, फोनवर म्हणाले, "मला पक्ष्यांचं वेड आहे हो. चार जंगलं पालथी घातली, पण धनेश काही दिसला नाही."

"धनेश?" मी हसलो. "आमच्याकडे कावळ्यासारखे आहेत! या तुम्ही मालवणला, दाखवतो."

(वस्तुस्थिती अशी की साठ वर्षांत मी धनेश फक्त कॅलेंडरवर पाहिला होता. तोही मार्च संपेपर्यंत!)

माणसं अशा वेळी 'बघू कधीतरी' म्हणतात. नानासाहेब दुर्बीण घेऊन आले! आता माझी सगळी अब्रू एका पक्ष्याच्या चोचीत होती. मी मुकाट्याने आंबोलीतली वाटाड्यासह जंगलफेरी ठरवली. आमच्या आत्येला (वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे तिच्या मते तिशीतले) हे कळलं, तेव्हा ती कुणाला न विचारता गाडीत पुढे जाऊन बसली. मांडीवर नारळ.

वाटाड्या प्रकाश तिथलाच, पण पाहुण्यांशी पुस्तकी मराठीत कुजबुजणारा. "काही तोडायचं नाही, टाकायचं नाही, पेटवायचं नाही. आवाज तर अजिबात नाही."

"आणि खोकलो इलो तर?" आत्येने विचारलं.

"गिळायचा, आजी."

"बरा. पण राखणदाराक नारळ तरी ठेवतंय."

"नारळ गाडीत ठेवा, आजी."

नारळ गाडीत राहिला. आत्येचं तोंड त्यानंतर जे मिटलं, ते नियमामुळे नव्हे, रागामुळे.

दोन तास आम्ही फळांनी लगडलेल्या एका उंबरासमोर बसलो. आमच्यामागे कुडाळचं एक सहा माणसांचं कुटुंब, तेही मुकं. माझ्या पोटरीवर जळू चढली, मी बोंब गिळली. फुलपाखरं आली, खारी आल्या, धनेश सोडून सगळे आले. शेवटी नानासाहेबांनी दुर्बिणीच्या काचा पुसून ती पिशवीत ठेवली. "नसेल नशिबात," ते हळूच म्हणाले. "संध्याकाळी निघायचं आहे. तुम्ही मात्र खूप केलंत हो."

मला खरोखर वाईट वाटलं. बढाई माझी आणि मान अवघडली त्या भल्या माणसाची!

आत्येने मौन सोडलं. "दुसऱ्याच्या रानात घुसलंस, राखणदाराक इचारलंस? तो आपली वस्तू कित्याक दाखवात? घाल गाऱ्हाणा!"

आमच्याकडे कुठल्याही कामाआधी देवाला किंवा जागा सांभाळणाऱ्या अदृश्य राखणदाराला असं साकडं घालतात आणि जमलेल्यांनी दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. घरात हे खातं माझ्याकडे. नवा मिक्सर आला तरी मी हात जोडून, डोळे मिटून उभा!

प्रकाशने आत्येकडे पाहिलं आणि हार मानली. "घाला काका. पण कुजबुजत हां."

मी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा," अगदी कानात सांगावं तसं मी म्हणालो, "तू ह्या रानाचो राखणदार..."

"व्हय म्हाराजा," आत्ये पुटपुटली.

"हे पुण्याचे पावणे तुझ्या दारात इलेत!" आवाज जरा चढला. (गाऱ्हाणं कुजबुजत घालणं आमच्या घराण्यात कुणाला जमलेलं नाही.)

"व्हय म्हाराजा!" हे कुडाळकर! ओळख ना पाळख!

"त्यांच्या मनात जां काय आसात, तां पुरा कर रे म्हाराजाऽऽ!"

"व्हय म्हाराजाऽऽ!" अख्खं जंगल दणाणलं. आणि त्यात सगळ्यांत खणखणीत आवाज होता प्रकाशचा!

वर पानांत मोठी फडफड झाली. कुणीतरी किंचाळलं. पण गाऱ्हाणं अर्धवट सोडत नाहीत. 'चुकलामाकला पदरात घे' इथपर्यंत सगळं सांगून मगच मी डोळे उघडले.

नानासाहेब रडत होते. "जोडी होती हो, जोडी! अगदी डोक्यावरून गेली!" दोन तास ती दोघं त्याच उंबराच्या दाट पानांत बसून होती म्हणे.

"बघलंस?" आत्ये प्रकाशला म्हणाली. "इचारल्यार दाखवता तो."

प्रकाशने कपाळाला हात लावला होता. पुस्तकी मराठी पार उडाली होती. "काका, पाया पडतंय, परत हय गाऱ्हाणा नको. माझी 'व्हय म्हाराजा' म्हणाची सवय जाता जायना!"

परतताना नानासाहेब थांबेनात. "काय ती चोच! काय तो पंखांचा आवाज! आणि तुम्ही? डोळे उघडायचीसुद्धा गरज वाटली नाही तुम्हाला! खरंच, तुमच्याकडे कावळ्यासारखे असणार."

पुढच्या सीटवर आत्येला जोराचा खोकला आला. या वेळी तिने तो गिळला नाही.

"हो ना," मी म्हणालो. "रोजचंच आहे."

आणि घाट उतरेपर्यंत खिडकीबाहेरचं एकेक झाड डोळे फाडून बघत राहिलो.