तोरणा नावाच्या संगणकाची यादी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही, तिच्या शेवटच्या आजारपणातसुद्धा नाही. परवा पहिल्यांदा एका पत्रात लिहिलं आणि आता तुम्हाला सांगतो आहे. एकदा लिहून झालं की दुसऱ्यांदा सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं होत नाही.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. नोएडात वेबसाइट बनवणारं आमचं लहानसं ऑफिस होतं. मी पन्नाशीत तिथे लागलो. मालक म्हणायचा, "आपके सफ़ेद बाल देखकर क्लायंट चुप हो जाता है." मी नुसताच प्रोजेक्ट मॅनेजर. खरं काम करायची सुनंदा मेश्राम. तिचे वडील भंडाऱ्याकडचे, केंद्र सरकारात. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरात त्यांचं क्वार्टर, माझ्या बायकोला नोकरीत मिळालेल्या आमच्या क्वार्टरपासून दोन ब्लॉक पलीकडे. सुनंदा आणि मी नोकरदारांनी महिन्यावर ठरवलेल्या एकाच चार्टर्ड बसने यायचो-जायचो. ऑफिसात मी 'सर', बसमध्ये 'काका'.

आम्ही पीएचपी नावाच्या भाषेत काम करायचो. या भाषेला निरनिराळ्या कामांसाठी निरनिराळे जोड लागतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात. फोटो लहान करायचा तर त्याचा एक जोड. ज्या सर्व्हरवर वेबसाइट चालणार, तिथे तो बसवलेला आहे का, हे आधी पाहायचं असतं. किती काम असतं हे? एका ओळीची फाईल सर्व्हरवर ठेवायची, ती ब्राउझरमध्ये उघडायची. जांभळ्या पट्ट्यांची लांबलचक यादी येते. ती छापायची, हव्या त्या जोडांवर खूण करायची, सही करून फाईलला लावायची. ती सही माझी असायची. तेवढंच तर माझं काम होतं.

गुडगावात शेतं संपत होती, सेक्टर सुरू होत होते, आणि त्यातल्या एका नव्या शाळेच्या प्रवेशाची वेबसाइट आम्ही करत होतो. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी यादी काढायला बसलो. सर्व्हर अमेरिकेत. फोनची लाइन सारखी तुटत होती. पावणेसहाची बस चुकली असती. आणि मग मी काय केलं? माझ्याच टेबलावरच्या संगणकाची यादी काढली. छापली, खुणा केल्या, सही केली, फाईलला लावली. दोन्हीकडे सारखंच असणार, म्हटलं.

बसमध्ये तिने विचारलंही. "काका, सर्व्हरची यादी पाहिलीत ना? फोटोवालं एक्स्टेन्शन आहे ना?"

"बिल्कुल," मी म्हणालो. खिडकीबाहेर बघत म्हणालो — हे मला अजून आठवतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडपात ट्रस्टींनी आपल्या नातीचा पहिला फॉर्म भरला. फोटो जोडला, बटण दाबलं. पडद्यावर पांढरं पान. पुन्हा दाबलं, पुन्हा पांढरं. मालक आणि सुनंदा तिथे होते, मी नोएडात. मालकाचा फोन आला आणि पहिल्यांदा — तेव्हा, पहिल्यांदा — मी सर्व्हरची खरी यादी उघडली. फोटोचा जोड त्यात नव्हता.

इथवर चूकच होती. चूक कुणाचीही होते. पण मी अमेरिकेतल्या सर्व्हरवाल्या कंपनीला ईमेल केला, त्यांनी तासाभरात तो जोड बसवला, फॉर्म चालू झाला. मग मालकाला सांगितलं, "सर्व्हर ठीक था, लिस्ट फ़ाइल में लगी है. लड़की ने पुरानी फ़ाइल चढ़ा दी थी. मैंने बदल दी."

मालक म्हणाला, "सरकारी क्वार्टर में पली है, काम भी सरकारी ही करेगी." त्या वाक्यात आणखी एक वाक्य दडलेलं होतं — तिच्या आडनावाचं, आरक्षणाचं. मला ते स्वच्छ ऐकू आलं. आणि मी हसलो. खोटं बोलण्यापूर्वीच मला ठाऊक नव्हतं का, की संशय तिच्यावर लगेच बसेल? ठाऊक होतं.

तिला महिनाअखेर काढलं. पण त्याहून वाईट सांगायचं राहिलंय. ती भांडली नाही. तिने सर्व्हरची यादी स्वतः उघडून पाहिली — जोड होता, मीच बसवून घेतलेला. तिला वाटलं, चूक आपलीच. शेवटच्या दिवशी बसमध्ये म्हणाली, "काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं. मी काय चढवलं, मला खरंच आठवत नाही हो." मी तिला म्हणालो, "होतं असं." तिने मान डोलावली.

गेल्या महिन्यात तिचा धाकटा भाऊ भाजीच्या दुकानात भेटला. सुनंदा नागपुरात आहे, क्लार्क. मुलगी बारावीत. "पोरीला कॉम्प्युटरलाच जायचंय, पण ताई ऐकत नाही," तो हसत म्हणाला. "म्हणते, आपल्या घरात ते डोकं नाही, मी करून बघितलंय." मी पिशवी तिथेच काउंटरवर विसरून घरी आलो.

नोकरी सोडताना त्या फाईलमधला तो कागद मी काढून आणला होता. का, ते मला सांगता येणार नाही. यादीच्या अगदी वरच्या ओळीत, ती ज्या संगणकाची असते त्याचं नाव छापलेलं असतं. ऑफिसात आम्ही आपापल्या संगणकांना नावं दिली होती. माझ्याचं नाव 'तोरणा'. ते नाव त्या कागदावर पहिल्या दिवसापासून होतं, खाली माझ्या सहीसकट. मालकाने पाहिलं नाही. आणि ज्याच्या केसांवर लोक विश्वास ठेवतात त्याची सही तपासावी असं सुनंदाच्या मनात आलं नाही.

परवा तो मूळ कागद आणि घडलेलं सगळं सांगणारं एक पानी पत्र, भावाकडून पत्ता मिळवून, रजिस्टर पोस्टाने तिला पाठवलं. पोस्टातून बाहेर आलो तर पायऱ्यांवर थोडा वेळ बसलो. दमलो नव्हतो. हात इतके हलके झाले होते की काय करावं सुचेना. हे समाधान मला शोभत नाही, तरी ते आहे. लपवलं तर तेही खोटंच होईल.

ती उत्तर देईल, न देईल. मुलीला काय सांगेल, तिचं ती ठरवेल. कागदाची वरची ओळ कशी वाचायची हे तिला समजावून सांगावं लागणार नाही. सुनंदा मेश्रामने त्या दिवशी चढवलेली फाईल बरोबर होती. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.