नऊ, दहा, अकरा गुणांची टिल्डा

नवरा गेला त्या हिवाळ्यात आर्डिस केलंड पहिल्यांदा त्या टेबलाशी जाऊन बसली. ब्रँट लेकच्या वाचनालयाच्या तळघरात दर रविवारी दुपारी मंडळी जमायची. शाळेत गणित शिकवणारा वेंडेल रस्क खेळ चालवायचा आणि त्यानंच तिला ओढून आणलं होतं. ती शाळेची बस चालवायची. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत दोघं गॅरेजात कॉफी प्यायचे, एवढीच खरं तर ओळख. पण घरी एकटी कुढत बसू नकोस, म्हणून तो तिच्या मागंच लागला होता.

खेळात प्रत्येकानं एक माणूस घडवायचा आणि त्याच्या तोंडून बोलायचं. त्या माणसाची ताकद, चपळाई, अक्कल सगळं तीन फासे टाकून ठरायचं. दहाच्या आसपास आकडा आला की तो चारचौघांसारखा. सोळा-सतरा आले की शूरवीर. बाकी सगळ्यांचे शूरवीरच होते. लाकडाच्या वखारीतल्या ड्वेनच्या सरदाराची ताकद तर अठरा, त्याच्या वर आकडाच नाही. आर्डिसचे फासे मात्र नऊ, दहा, अकरा असे रडत पडले, एकदा तर आठच. वेंडेल म्हणाला, पुन्हा टाक, आम्ही सगळ्यांनी टाकलेत. तिनं ऐकलं नाही.

"पडले ते पडले," ती म्हणाली. "मी तरी कुठं अठराची लागून गेलेय?"

तिच्या बाईचं नाव टिल्डा. नदीवर होडी चालवणारी, तलवार धड उचलता न येणारी. पण टिल्डा टिकली. शूरवीर दार फोडून आत घुसायचे, तेव्हा ती आधी मागची वाट बघून ठेवायची. ड्वेनचा सरदार एका गुहेत मेला, वाचनालय सांभाळणाऱ्या मार्लिसची जादूगारीण विषानं गेली; त्यांनी नवे शूरवीर घेतले. टिल्डा तीच राहिली. पुलावर राक्षस अंगावर आला तेव्हा तिनं पुलाचा दोरच कापला आणि त्याला दरीत पाठवलं. ती गोष्ट ड्वेन वखारीत गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायचा. आर्डिस वरवर म्हणायची, पुरे रे, पण ऐकायला थांबायची.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका रविवारी एक भालेवाला टिल्डावर धावून आला. शत्रूंचे फासे वेंडेलच टाकायचा, कुणाला आकडा दिसू नये म्हणून पुठ्ठ्याच्या आडोशामागं; तसाच त्यानं वीस बाजूंचा फासा टाकला. तो टेबलावरून घरंगळला आणि आर्डिसच्या बुटापाशी थांबला. वर वीस होते. म्हणजे घाव बसला, आणि तोही जीवघेणा. वेंडेलनं वाकून फासा उचलला.

"चार," तो म्हणाला. "हुकला."

"वीस होते, वेंडेल."

ड्वेन बशीतल्या तळलेल्या चीजकडं बघत राहिला, मार्लिसनं चष्मा काढून पुसायला घेतला. दोघांच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"म्हणजे तुम्हा सगळ्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली.

वेंडेलचे कान लाल झाले. तो सांगू लागला, की ती आली तेव्हा तिच्या नवऱ्याला, लायलला, जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि आली ती असली मरतुकडी बाई घेऊन. पहिल्याच दिवशी टिल्डा मरायला निघाली, त्याला ते बघवलं नाही. एकदा आकडा बदलला, मग सवयच लागली.

"आणि पूल?"

तो आडोसा नीट उभा करत बसला.

"पुलाचं विचारतेय मी."

"दोर कापायची युक्ती तुझीच होती," तो हळूच म्हणाला. "पण राक्षसाचा घाव आधी बसला होता. ती तिथंच गेली असती."

"ड्वेनचा सरदार मेला तेव्हा नाही बदललास आकडा."

"ड्वेनला झेपतं, आर्डिस."

"वीस धर," ती म्हणाली. त्यानं धरले. टिल्डा मेली. आर्डिसनं कोट चढवला आणि आपली बशी उचलून ती निघून गेली. तिला थांब म्हणायची कुणाचीच छाती झाली नाही.

सोमवारी सकाळी वेंडेल दोन कप कॉफी घेऊन गॅरेजात आला.

"मिस्टर रस्क, जरा बाजूला होता का?" ती खिडकीतून म्हणाली. "मला बस मागं घ्यायचीय."

तो कप घेऊन भिंतीला लागून उभा राहिला.

पुढं मार्लिसनं निरोप दिला, की आता सगळे फासे उघड्यावर टाकतात, तू ये. आर्डिस गेली नाही. वाचनालयात पुस्तकं घ्यायला जायची, हसून बोलायची. तळघराचा विषय निघाला की घड्याळ बघायची. तिला सलत होतं ते निराळंच. आदल्या वर्षी शाळेच्या सभेत ती जन्मात पहिल्यांदा उभी राहून बोलली होती. टेकडीच्या बर्फाळ रस्त्यावर बस जाण्याआधी चाकं घसरू नयेत म्हणून मीठ-वाळू पडलीच पाहिजे, असं तिनं ठणकावून सांगितलं होतं आणि सगळ्यांनी हात वर करून ते मान्य केलं होतं. त्यात पहिला हात वेंडेलचा होता. रस्त्यावर वाळू अजून पडते. चढ लागला की आर्डिस गिअर बदलते, आणि तो हात तिच्या डोळ्यांसमोर येतो. तिचं म्हणणं पटलं म्हणून तो वर गेला होता की बिचारी म्हणून, हे तिनं त्याला कधी विचारलं नाही. त्यानं खरं सांगितलं असतं, तरी तिचा विश्वास बसला नसता.