फोडणीच्या आवाजातलं गाणं

मनोहरभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी धानोऱ्याच्या बाजारात चारोळी घेत होते. फोन त्यांच्या बायकोचा, वहिनींचाच होता. सकाळी चहा पिता पिता छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं... मी पिशवी तिथेच ठेवली आणि गडचिरोलीची गाडी धरली. रडू आलं नाही, रागच आला. भामरागडकडच्या बायांचं गाणं अर्धवट टाकून हा माणूस गेलाच कसा? पावसाळ्यात रस्ता बंद व्हायच्या आत गाणं गावात पोचवतो, असा शब्द त्यांनी माझ्यासमोर त्या बायांना दिला होता.

भाऊंचा स्टुडिओ म्हणजे घरामागची खोली, भिंतींना जुन्या रजया ठोकलेल्या. झाडीपट्टीच्या नाटकांतली गाणी तिथेच रेकॉर्ड व्हायची. मी गायला म्हणून गेले आणि मिक्सिंग शिकत कायमची तिथेच चिकटले. गळा, ढोल, पेटी, सगळे आवाज एकमेकांत नीट बसवायचे आणि शेवटी अख्ख्या गाण्यावर हात फिरवायचा, हे आमचं काम. आमचं पटलं असं क्वचितच. मला घुमारा हवा, ढोल छातीत वाजायला हवा. भाऊंचं एकच पालुपद. शब्द कळला पाहिजे, आवाज फाटला नाही पाहिजे, आणि एकाने दुसऱ्याला झाकलं नाही पाहिजे. "एवढं सांभाळ, मंग तुले काय नाचाचं ते नाच," म्हणायचे. मी चिडून उठून जायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

त्यांची परीक्षाही जगावेगळी. गाणं तयार झालं की ते स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या छोट्या स्पीकरवर लावायचे, अगदी हळू. वहिनी तेलात मोहरी टाकायच्या. त्या तडतडीत वहिनींना गाण्याचे शब्द सांगता आले तर गाणं पास. नाही तर भाऊ निमूट मागच्या खोलीत जाऊन पुन्हा बसायचे. महागाची यंत्रं असताना हा काय पोरखेळ, असं मी तोंडावर म्हटलं होतं. गाणं लोकांच्या घरात वाजतं, रजयांच्या खोलीत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

भामरागडकडच्या त्या बाया रेला, म्हणजे त्यांचं फेराचं गाणं, गायला आल्या तेव्हा आम्ही एकेकीला माईकपुढे उभं केलं, आणि गाणं पार सुकून गेलं. रेला कमरेत हात गुंफून, पाय टाकत गायचा. एकटीने गायचा तर गळाच उघडेना. नियमांचा पक्का माणूस, पण भाऊंनी पुढच्या खोलीतलं सगळं सामान अंगणात काढलं, वरून माईक टांगले आणि बायांना फेर धरू दिला. नंतर मिक्सिंगला बसल्यावर मात्र आमचं वाजलं. मला पावलांचा आवाज मोठा ठेवायचा होता. त्याने शब्द झाकतात, असं भाऊंचं मत. शेवटी सुरुवातीला पावलं मोकळी आणि शब्द आले की खाली, असं ठरलं. तिथेच काम थांबलं... आणि मग तो फोन.

तेरवी झाल्यावर मी स्टुडिओ उघडला आणि एकटीने गाणं पुरं करायला बसले. सुरुवातीलाच, पहिल्या पावलाआधी, भाऊंचा आवाज होता, "हां बाई, होऊ द्या." एरवी असलं बोलणं आम्ही कापतोच. माझा हात धजेना. इतकी वर्षं मोकळीक मागत आले, आता मिळाली आहे ना, मग राहू दे हा आवाज, असं ठरवून मी तो तसाच ठेवला. उलट थोडा वाढवलाच.

संध्याकाळी छोट्या स्पीकरवर गाणं लावलं. वहिनींनी तेलात मोहरी टाकली, आणि भाऊ बोलले. वहिनींचा हात तसाच वर राहिला. मोहरी जळून काळी झाली, घरभर धूर झाला, गाणं संपलं तरी त्या हलल्या नाहीत. मी गॅस बंद केला. शब्द विचारायचा धीर मला झाला नाही. त्याच बोलल्या.

"त्यायचा आवाज काढ, बाई. मी तोच ऐकत राह्यली. बायाइचं गाणं मले ऐकूच नाई आलं."

मी मागच्या खोलीत गेले आणि भाऊंचा आवाज कापला. डोळे पुसत कापला, पण कापला. पहिल्या पावलाआधीची जागा स्वच्छ केली, त्यांनी केली असती तशी.

परत आले तेव्हा वहिनींनी कढई घासून पुन्हा गॅसवर ठेवलेली होती. मोहरी तडतडली. पावलं आली, मग बाया आल्या. फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी, तो स्पीकर हळू वाजत होता. वहिनींनी कढईतून नजर न काढता पहिली ओळ म्हटली, मग दुसरी. पाठमोऱ्याच होत्या, पण एक शब्द चुकला नाही.

उद्या भामरागडची पहिली गाडी धरते आहे. आभाळ भरून आलंय, पण रस्ता अजून चालू आहे.