किशनरावांचा नामांकित फ्लेक्स

सेलूच्या एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांचा काटा करणारे किशनराव खिल्लारे यांच्या मते जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या असतात: कंपनीच्या आणि बिगरकंपनीच्या. त्यांचा पंखा कंपनीचा, टॉर्च कंपनीचा. छत्रीही कंपनीचीच. ती भिजून खराब होऊ नये म्हणून पावसात किशनराव स्वतः भिजत.

पोरगी संघप्रिया दहावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, तेव्हा त्या आनंदात त्यांनी कंपनीचे बूट घेतले. दुकानात त्यांच्या मापाचा जोड नव्हता, होता तो एक नंबर लहान. "वापरून सैल होत्यात," दुकानदार म्हणाला. बूट काही सैल झाले नाहीत, किशनरावांची चाल मात्र बदलली. लग्नकार्यात ते बूट घालून आले, की लांबून वाटे, हा माणूस तापलेल्या तव्यावरून बेताबेताने येतो आहे. पंचफुलाबाई म्हणायच्या, "बिगरकंपनीचे घ्या, पण पायाचे घ्या." किशनराव अशा बोलण्याकडे लक्ष देत नसत. चावतात तर चावतात, पण कंपनीचे आहेत.

संघप्रियाला शेतीचे वेड. पेडगावला खिल्लाऱ्यांचे दीड एकर रान आहे. किशनरावांच्या वडिलांनी सालदारी करून ते घेतलेले. सुट्टीत पोरगी तिथेच असायची आणि हरभऱ्यावरच्या अळ्या काडेपेटीत भरून सेलूला आणायची. एकदा पंचफुलाबाई गॅस पेटवायला बसल्या आणि काडेपेटीतून काडी स्वतःच चालत बाहेर आली. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही, पण पोरीने पुढे काय शिकायचे ते ठरून गेले.

बारावी झाली आणि पुण्याकडच्या एका खाजगी विद्यापीठाचा मेसेज आला: कृषी पदवीसाठी तुमची निवड झाली आहे. त्या विद्यापीठाच्या नावात 'ग्लोबल' होते आणि 'इंटरनॅशनल'ही होते. किशनरावांच्या हिशेबी ही डबल कंपनी झाली. फी किती, राहायचे कुठे, हे विचारायच्या आधी ते पप्पूच्या फ्लेक्सच्या दुकानात पोचले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात फ्लेक्स झळकला. मधोमध संघप्रिया. वर मोठ्या अक्षरात 'नामांकित', मग विद्यापीठाचे लांबलचक नाव, मग 'पुणे'. भोवती शुभेच्छुकांचे गोल गोल फोटो. त्यात गॉगल लावून मोबाईल कानाला धरलेले माजी नगरसेवक आबासाहेब, चहावाला नागनाथ आणि जिनिंगमधली सगळी मंडळी. कोपऱ्यात खुद्द किशनराव, आणि तेही उभे, पायापर्यंत. बूट दिसले पाहिजेत, असे त्यांनी पप्पूला बजावले होते.

फीचे पत्रक त्यानंतर आले. आकडा वाचून किशनरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. आकडा तसाच होता.

"पेडगावचं रान काढू," ते म्हणाले. "गिऱ्हाईक हाय."

पंचफुलाबाई भाकरी थापत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "शेती शिकायला शेत इकायचं. मंग शिकून आल्यावर पोरीनं काय कुंडीत पेरायचं का?"

"आगं, नाव बघ त्याचं, नाव."

"तुमच्या बुटावर बी हाय की नाव."

त्याच आठवड्यात सरकारी प्रवेशाची यादी लागली आणि संघप्रियाला परभणीचे कृषी विद्यापीठ मिळाले. घरात कोणालाच धड आनंद करता येईना. "परभणी काय," किशनराव पडेल आवाजात म्हणाले, "तिथं तर आपण दाढ काढायला बी जातोत." शेवटी ठरले, की पुण्याचे एकदा डोळ्यांनी बघून यायचे आणि मग गिऱ्हाइकाला शब्द द्यायचा.

बाप-लेक रेल्वेने गेले. किशनरावांच्या पायात अर्थातच बूट होते. कोट घातलेली एक हसरी मॅडम त्यांना सगळीकडे फिरवू लागली. काचेच्या इमारती पाहिल्या, पोहायचा तलाव पाहिला, गार हवेची लायब्ररी पाहिली. प्रत्येक ठिकाणी किशनराव "वा, वा" म्हणत. पहिला वा कौतुकाचा असे, दुसरा टाचेचा.

"मॅडम, शेत कुठंय?" संघप्रियाने विचारले.

मॅडमनी त्यांना मागच्या बाजूला नेले. तिथे चार वाफे होते. देखणे, आखीव, फोटो काढण्यासारखे. कापूस कुठे लावता, असे संघप्रियाने विचारल्यावर मॅडम म्हणाल्या, की ते सगळे आता स्क्रीनवर दाखवतात, मोठा स्क्रीन आहे. किशनराव वाफ्यांशेजारच्या बाकावर बसले आणि पुन्हा उठायचे नाव घेईनात.

मॅडम पाणी आणायला गेल्या. संघप्रिया खाली बसली आणि बापाच्या बुटाची नाडी सोडू लागली. पायमोजा टाचेला चिकटला होता. तिने पिशवीतून चप्पल काढली. किशनरावांची रोजची, झिजकी, बिगरकंपनीची.

"ही कुठून आली?"

"मम्मीनं ठिवलीय. म्हणली, पप्पा बसले की दे. त्याच्या आधी दिलीस तर घेणार न्हाईत."

किशनरावांनी चप्पल घातली. पायाला वारा लागला.

"पप्पा, मला परभणीला जायचंय."

"पैशापायी म्हणायलीस तू."

"पैशाचं मनात न्हाई म्हणलं तर खोटं व्हईल. पण तिथं डोळ्याला पुरत न्हाई एवढं रान हाय. आन् पेडगावचं इकलं तर शिकून मी येऊ कुठं?"

वडिलांनी त्या रानातले दगड वेचून बांधावर टाकले होते, ते सगळे एकदम किशनरावांच्या डोळ्यांपुढे आले. डोळे पुसून ते हळूच म्हणाले, "आन् फ्लेक्सचं काय करायचं?"

पोरगी हसली, मग तेही हसले. मॅडम पाणी घेऊन आल्या तेव्हा दोघे इतके हसत होते, की प्रवेश पक्का झाला, असेच त्या बाईंना वाटले असावे.

सेलूला आल्यावर किशनरावांनी गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगितले. ते सोपे गेले. चौकात शिडी लावून फ्लेक्सला हात घालणे त्याहून अवघड होते. लोक काय म्हणतील, या धास्तीने ते भल्या पहाटे गेले. पण चहावाल्याची पहाट सगळ्यांच्या आधी होते.

"काटेवाले, जयभीम. वर काय करायलाव?" नागनाथने खालून विचारले.

किशनरावांनी शिडीवरूनच सगळे सांगितले. तोवर फिरायला निघालेले आबासाहेब येऊन ठेपले.

"विद्यापीठ तुमचं हाय, पायजे तेवढ्या येळा बदला," आबासाहेब म्हणाले. "पण आमचे फोटो काय म्हणून उतरवायलाव?"

"तसं न्हाई, आबासाहेब. लोक हसतील."

"कोण हसतंय?" नागनाथ म्हणाला. "मी तर ते नाव अजून वाचलं बी न्हाई, लय लांब हाय. पोरीचा फोटो दावून गिऱ्हाइकाला सांगायलोय, ही आमच्या काटेवाल्याची लेक, लय हुशार. आता परभणीला म्हणल्यावर शनिवार-रविवार दिसंल तरी. बेस केलं बघा तुमी."

किशनराव शिडीवरच थबकले. इतके दिवस ज्या लोकांना आपण नाव दाखवत होतो, ते पोरगी बघत होते. त्यांना खाली उतरून सगळ्यांना मिठी मारावीशी वाटली. ते खाली उतरले आणि नागनाथकडून सगळ्यांना चहा सांगितला.

दुपारी पप्पूने जुन्या नावावर चिकटवायला पट्टी करून आणली: 'कृषी विद्यापीठ, परभणी'. हे नाव आखूड असल्यामुळे वरचे 'नामांकित' उघडेच राहिले.

"काका, ते बी झाकू का?"

"ऱ्हाऊ दे," किशनराव म्हणाले. "ते तर खरंच हाय." मग त्यांनी फ्लेक्सकडे नीट बघितले. अख्खे सेलू त्यावर होते, फक्त एक माणूस नव्हते. त्यांनी पाकिटातून पंचफुलाबाईंचा आधार कार्डासाठी काढलेला फोटो बाहेर काढला. "हा मोठा करून लाव."

"जागा कुठंय, काका?"

"माझे बूट झाक."

संध्याकाळी ते बायकोला मुद्दाम चौकात घेऊन गेले. पंचफुलाबाईंनी मान वर करून फ्लेक्स पाहिला. भरपूर वेळ पाहिला.

"समद्या गावादेखत मला तुमच्या पायापाशी बसवलं व्हय?"

"आगं, तू न्हाई पायापाशी. माझे बूट तुझ्यामागं लपलेत. चप्पल ठिवलीस, म्हणून रान ऱ्हायलं."

पंचफुलाबाईंनी पदर तोंडाला लावला, पण हसू डोळ्यांत आलेच होते. "चला आता," त्या म्हणाल्या, "पोरीचं सामान भरायचंय." आणि किशनराव चपला फटफटवत त्यांच्या मागून निघाले, चांगले भरभर.