पेपरातला नळ

संपादक मामा बातमी आधी लिहायचे आणि घटना नंतर घडायची. कधी घडायचीही नाही. शिरूरला स्टँडमागे त्यांच्या साप्ताहिकाची खोली होती. दर शुक्रवारी मी तिथे अंकाच्या घड्या घालायला जायची. शनिवारचा सत्कार त्यात 'उत्साहात संपन्न' झालेला असायचा.

"मामा, शनिवार अजून यायचाय," मी एकदा भीत भीत म्हटलं.

"वाचतंय कोण?"

हे त्यांचं नेहमीचं. चौथी शिकलेली मी घड्या घालता घालता अख्खा अंक वाचायची, ते त्यांना कधी दिसलं नाही. खिशाला तीन पेनं, पण बातमी मोबाईलला तोंडी सांगायचे, बहुतेक वेळा लोळूनच.

एका उन्हाळ्यात आमच्या माळावरच्या वस्तीवर नवा नळ बसला. उद्घाटनाच्या तीन दिवस आधीच मामा आले आणि मला कोरड्या नळाखाली हंडा धरून उभं केलं. "हस की गं! पाणी आलंय आसं समज." मी हसले. त्याची लाज अजून जात नाही.

'माळावर गंगा अवतरली' असं छापून आलं. उद्घाटनाला पुढारी आला नाही, पाणीही आलं नाही. टँकर मात्र बंद झाला. सासूबाई कचेरीत गेल्या, तर साहेबाने तोच अंक पुढे केला. "ही तुमचीच सून ना? हसतीय की!"

मी मामांना चूक छापायला सांगितलं.

"पेपर चुकत न्हाई. पाणीच उशीर करतंय."

मग यवतहून मोबाईलवर बातम्या दाखवणारा एकजण आला. त्यालाही आमच्या पाण्याचं काही नव्हतं, मामांना उघडं पाडायचं होतं. "ताई, ह्यो पेपर खोटा हाय का?" त्याने माईक नाकाला लावला. मी फोटोतल्यासारखाच हंडा धरला आणि नळ पूर्ण सोडला. आतून एक मुंगळा बाहेर आला. तो अख्ख्या तालुक्याने पाहिला.

चौथ्या दिवशी टँकर आला. शुक्रवारी अंक उघडला, तर पहिल्या पानावर 'आमच्या बातमीचा दणका! टँकर पुन्हा सुरू', आणि खाली माझा तोच हसरा फोटो.

"मामा, हे कुणी वाचलं तर?"

"वाचतंय कोण?"

"मी वाचते की." अर्धी घडी तशीच टाकून मी उठले. पुन्हा गेले नाही.

वाचायची सवय मात्र त्यांच्याच खोलीत लागली. अजूनही हाती आलेला पेपर मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. मग उठून नळ सोडून बघते.