बांधावरची सूर्यफुलं

आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा पहिला माणूस मी, आणि त्या पदवीमुळे आमच्या शेताचा बांध हरवला.

वाहून वगैरे गेला नाही. होता तिथंच होता. फक्त कोणाला सापडत नव्हता!

आमचं गाव कामशेतहून पवनेच्या अंगाला. माझे वडील आबा आणि धाकटे चुलते नाना यांची भाताची खाचरं एकमेकांना लागून, मध्ये हा बांध. दर पावसाळ्याआधी आबा म्हणत, "नानानं बांध कोरला." नाना म्हणत, "भाऊनं कोरला." दोघांचंही खरं होतं. (दोघंही कोरत!) शेवटी बांध इतका बारीक झाला की बगळ्यालासुद्धा त्यावर एकच पाय टेकता येई. मग भावाभावांचं बोलणंच बंद पडलं.

पण औताचं काय? आबांकडे एकच बैल, चांद्या. नानांकडे एकच, मोऱ्या. एका बैलानं नांगरट होत नाही. त्यामुळे भांडणही चालू आणि औतही चालू! दोघं भाऊ एका नांगरामागे चालत आणि बैलांशी बोलत.

"मोऱ्या, सांग तुज्या मालकाला, तास वाकडं जातंय."

"चांद्या, तुज्या मालकाला म्हणावं, तुजीच मान वाकडी हाय!"

बैल बिचारे दोन्हीकडचं ऐकून घेत.

यातली गंमत संपली ती माझी बहीण सुमन हिचं लग्न ठरलं तेव्हा. लहानपणी तिनं सगळ्या जत्रा नानांच्या खांद्यावर बसून पाहिलेल्या. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "दादा, मांडवाची पहिली मेढ नानांनीच रोवायची. नाना न्हाई आलं, तर मी मांडवात पाय ठेवायची न्हाई."

आबा म्हणाले, "त्यानं आदी बोलावं." पलीकडून नानांनी मोऱ्याला कळवलं, "आदी भाऊनं." आईनं डोळ्याला पदर लावला. आणि मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. शिकलेला मीच ना!

मी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो. शिकत असताना माझ्या खोलीवर आबांचे तांदूळ जायचे, तसे नानांचेही जायचे. भांडण जोरात असतानासुद्धा. हे उपकार फेडायची संधी चालून आली, असं मला वाटलं. मी शास्त्रीय विचार केला. बांध कोरला जातो, कारण तो उघडा आहे. त्यावर दाट कुंपण लावलं की कुदळ चालणार नाही. कुदळ थांबली की भांडण थांबेल!

असं कुंपण मी लोणावळ्याला एका बंगल्याभोवती पाहिलं होतं. परदेशातून आलेलं झाड, ताटलीएवढी पिवळी फुलं, अगदी सूर्यफुलासारखी. मी गेलो तेव्हा माळी तेच तोडत होता. मी भीतभीत दोनचार फांद्या मागितल्या.

"दोनचार? दोन भारे न्या! उद्या परत या. परवा पण या!" असं म्हणून तो स्वतः ते भारे स्टेशनापर्यंत पोचवायला आला. इतक्या आनंदानं कोणी फुकट द्यायला लागला की पळ काढावा, हे कॉलेजात शिकवलेलं नव्हतं.

आषाढात मी कांड्या बांधावर रोवल्या आणि मोठ्यानं, म्हणजे नानांनाही ऐकू जाईल असं, व्याख्यान दिलं. "आबा, याचा पाला चिखलात तुडवला की आठवड्यात कुजतो, भाताला उत्तम खत! पान कडू, म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आणि जोमदार इतकं की कांडी जिथं पडेल तिथं रुजते!"

हे शेवटचं वाक्य मी अभिमानानं बोललो होतो. त्याचा अर्थ मला नंतर कळला.

झाड खरोखर जोमदार निघालं. श्रावणात कमरेएवढं, भादव्यात डोक्याएवढं! भातावर सावली पडायला लागली तेव्हा आबांनी आपल्या बाजूच्या फांद्या छाटल्या आणि रागानं नानांच्या वरकसात, म्हणजे खाचराला लागूनच्या चढावरल्या माळजमिनीत, भिरकावल्या. नानांनी त्या गोळा केल्या, त्यात आपल्या घातल्या आणि आमच्या वरकसात भिरकावल्या. महिनाभर ही देवघेव इमानेइतबारे चालली. आणि पडलेली प्रत्येक कांडी, मी सांगितलं होतं तसंच, जिथं पडली तिथं रुजली!

दिवाळीपर्यंत दोन पुरुष उंचीचं पिवळंधमक रान माजलं. येणारेजाणारे थांबून म्हणत, "काय झ्याक फुललंय!" आबा दात ओठ खात. बांध कुठला, खाचर कुठलं, वरकस कुठलं, काही कळेना.

आणि एका सकाळी चांद्या आत शिरला.

"चांद्या गेला! गणू, तुज्या झाडात चांद्या गेला!" आबा कोयता घेऊन धावले. पलीकडून नाना धावले, कारण चांद्या हरवला तर मोऱ्याच्या जोडीला जू कोण ओढणार? दोघं दोन बाजूंनी आत घुसले. मी बाहेर उभा. (मार्गदर्शनासाठी.) आत नुसती सळसळ, मधूनच चांद्याच्या गळ्यातलं घुंगरू वाजे आणि लगेच शिवी ऐकू येई. मग दोन कोयते थांबले.

"कोन हाय?" आबांचा आवाज.

"मी हाय. तुमी कुटं उभं हायसा? माज्यात का तुमच्यात?"

"मला काय ठावं! तू कुटं हायस?"

"मला ठावं असतं तर इचारलं असतं व्हय?"

मग नाना म्हणाले, "भाऊ, खरं सांगा. आपला गणू शिकलाय का येडा झालाय?"

"मला पन तीच शंका हाय रं."

कित्येक वर्षांत त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं! आतून हसण्याचा असा आवाज आला की चांद्या घाबरून आपणहून बाहेर आला. त्याच्यामागून दोघं भाऊ, डोक्यावर पाकळ्या, हातात हात. सुमन पाहत उभी होती. ती धावत जाऊन नानांच्या गळ्यात पडली.

पुढचे पंधरा दिवस दोन्ही घरं तोडणीला लागली. ओला पाला खड्ड्यात गेला, वाळकी काटकं राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जागा जाळून घ्यायला, ठेवली. बांध सापडला, पण त्याची रुंदी बघायला कोणी वाकलं नाही.

फाल्गुनात नानांनीच मेढ रोवली. रोवण्याआधी तिची साल खरवडून हुंगली. "ह्यो त्या झाडाचा न्हाई ना? लग्न लागंस्तोवर मांडवाला फुलं यायची!"

आता दोघं भाऊ एका नांगरामागे चालतात ते एकमेकांशी मनमोकळं बोलत. पण मी बांधावर जाऊन उभा राहिलो की दोघंही एकदम गप्प होतात. आबा चांद्याच्या पाठीवर थाप मारतात आणि सांगतात, "चांद्या, आपल्या पदवीधराला म्हणावं, घरी जा. आन जाताना कायबी रोवू नगंस!"